'आधी' या शब्दापाशी थांबले आहे

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

इथल्या वाचनकट्ट्यावर या महिन्यात मला एका कवितेचं रसग्रहण करायचंय. मी बहिणाबाई चौधरींची 'संसार' घेतली. बाबा, तुम्ही प्रत्येक लग्नात म्हणता ना, तीच. पण तुम्ही पहिलंच कडवं म्हणता, आणि मलाही इतकी वर्षं तेवढंच पाठ होतं.

'आधी हाताला चटके, तव्हां मियते भाकर.' दहावीत मी लिहिलं होतं, की या ओळींत कवयित्री संसारातलं दुःख सांगते. गुणही चांगले मिळाले. आता पंधरा दिवस रोज रात्री अख्खी कविता मोठ्याने वाचतेय, आणि ते उत्तर चुकलं होतं असं वाटायला लागलंय.

मी चटक्यांपाशीच थांबले होते. कडवं मात्र भाकरीपाशी थांबतं. ओळीत आठ-आठ अक्षरं, जात्यावर म्हणावं तशी लय, आणि शेवटी हातात काय येतं? भाकर. पुढच्याच कडव्यात त्या बजावतात, 'खोटा कधी म्हनूं नही'. राउळाच्या कळसाला लोटा म्हणू नको. म्हणजे संसाराला नावं ठेवणारा कुणीतरी समोर बसलाय आणि त्या त्याला 'येड्या' म्हणून समजावतायत. हे सांगणारी बाई ऐन तिशीत विधवा झालेली, अक्षरओळख नसलेली. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्याच्या मावसभावाने लिहून घेतलं म्हणून ही गाणी 1952 साली पुस्तकात आली. बहिणाबाई त्याआधीच, 1951 च्या डिसेंबरात गेल्या होत्या.

मग खिरा, म्हणजे काकडी, येते: 'एक तोंडामधी कडू, बाकी अवघा लागे गोड'. इथे मला कवितेची चावी सापडली. कडू ते आधी. भिलावा, म्हणजे बिब्बा, अंगाला लागला तर फोड येतात, पण त्याचं भीमफूल, म्हणजे गराचा भाग, गोड आणि पोटात गोडंबी, म्हणजे खायची बी. सागरगोट्याच्या शेंगेला वरून काटे, आत गुळगुळीत गोटे. आई, बघ ना, यातली प्रत्येक वस्तू आधी हाताला किंवा जिभेला त्रास देते, आणि हे ज्याने स्वतः फोडलंय, सोललंय त्यालाच माहीत असतं. शेवटच्या कडव्यात पुन्हा तोच शब्द: 'आधी देवाचा ईसार', आणि नंतर 'मग जीवाचा आधार'. पहिल्या कडव्यात 'आधी' आहे आणि शेवटच्या कडव्यातही 'आधी'च आहे. ईसार (सौद्याची आगाऊ रक्कम), नगद, उधार, बेपार हे सगळे बाजारातले शब्द. सुखदुःखाचा हिशोब इतका रोखठोक मांडलेला मी दुसरीकडे वाचला नाही.

एक कडवं मात्र या मांडणीत बसत नाही: संसार दुःखाला होकार देतो आणि सुखाला नकार. इथे मागाहून गोड काहीच येत नाही. दोन रात्री मी त्याच्यावर अडले होते. ते ओढूनताणून बसवायचं नाही, असं ठरवलंय. तसे दिवसही असतातच, आणि बहिणाबाईंनी ते झाकले नाहीत.

आई, खरं सांगायचं तर हे पत्र तुझ्यासाठी आहे. तुझ्या मनगटावरचा तव्याचा डाग बघून मी मनातल्या मनात तुझ्या वतीने तक्रार करत आले. तुला कधी विचारलंच नाही. तू परातीत भाकर थापायचीस, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचीस, आणि पहिली फुगलेली भाकर माझ्या ताटात पडायची. तेव्हाचा तुझा चेहरा मला आता आठवतो. त्यावर तक्रार नव्हती. मी ती नंतर, मोठी झाल्यावर, स्वतःच्या मनाने लावली.

एक काम कर. रविवारी फोनवर मला ही कविता पूर्ण म्हणून दाखव. मी 'मियते', 'कयस' म्हणते ते पुस्तकातून वाचल्यासारखं वाटतं. 'ळ'चा 'य' तुझ्या तोंडून सहज येतो. बाबा, तुम्ही रेकॉर्ड करा, आणि ती म्हणत असताना मध्ये बोलू नका.

गुडघ्याला तेल लावत जा दोघंही.

तुमची,
ताई