अव्यास पत्र : ताकद आणि वळण

नोव्हाय, मिशिगन
८ जून २०२५

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "अमेरिकन गाडीला ताकद असते, वळण नसतं," आणि तेवढ्यात तुझ्या दारावर कुणीतरी आलं नि बोलणं तिथेच तुटलं. आई आपल्याला म्हणायची ना, पोरांना वळण नाही म्हणून, त्याच सुरात म्हणालास. ते वाक्य तेव्हापासून डोक्यात घोळतंय. त्यात काल असं काही घडलं की आता सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल मला कॅडिलॅक सीटी५-व्ही ब्लॅकविंग चालवायला मिळाली. तीही गिअरची. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची आहे. त्याच्याकडे बीएमडब्ल्यूची जुनी ई३९ एम५ पण आहे, तीच, जिचं चित्र तू होस्टेलच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतंस. सकाळी सहाला आम्ही दोन्ही गाड्या घेऊन निघालो आणि डेक्स्टरहून अ‍ॅन आर्बरकडे ह्युरॉन नदीच्या काठाकाठाने जो रस्ता जातो तिथे गेलो. नदी वळेल तसा तो वळतो. दोन्ही बाजूंना झाडी, कडेला सायकलवाले, वेगमर्यादा कमी. तिथे कुणी वेग आजमावायला जात नाही, पण गाडी हाताला काय सांगते ते तिथे नीट ऐकू येतं.

आधी तुला ही गाडी काय आहे ते सांगतो, कारण कॅडिलॅक आपल्याकडे विकलीच जात नाही. ६.२ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, त्यावर जास्तीची हवा आत ढकलणारा सुपरचार्जर, ६६८ हॉर्सपॉवर. ताकद फक्त मागच्या चाकांना. सहा गिअर, तीन पेडल. दहा गिअरची ऑटोमॅटिक मागितली तर मिळते, पण मॅन्युअल हीच मूळ गाडी. वरचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या पलीकडे. गाडी बनते लॅन्सिंगला, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. इंजिन येतं केंटकीतल्या बोलिंग ग्रीनहून. तिथे एकच माणूस एक इंजिन पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने जोडतो आणि त्यावर आपल्या सहीची पट्टी लावतो. काल बॉनेट उघडून ती सही पाहिली. बराच वेळ पाहत उभा राहिलो.

तुझं वाक्य पूर्वी खरं होतं हे मी आधीच मान्य करतो. १९८२ ची सिमारॉन आठव, छोट्या शेव्हरलेच्या सांगाड्यावर कॅडिलॅकचं चिन्ह लावून विकलेली. नंतर आली कटेरा, म्हणजे मुळात जर्मनीतली ओपेल ओमेगा. आणि कॅडिलॅक ही तीच कंपनी, जिने १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्सला तीन गाड्या सुट्या केल्या, सगळे भाग एकमेकांत मिसळले, त्यातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या आणि पाचशे मैल पळवून दाखवल्या! ज्या काळी प्रत्येक भाग कानशीने घासून बसवावा लागायचा त्या काळची ही गोष्ट. रॉयल ऑटोमोबाइल क्लबने त्यासाठी डेवार ट्रॉफी दिली. अचूकपणाचा धडा अमेरिकेने युरोपला दिला होता, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. एवढं नाव कमावलेलं घर सत्तर-ऐंशी वर्षांत सिमारॉनपर्यंत खाली यावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुन्हा सुरुवात झाली २००४ च्या सीटीएस-व्हीपासून. कॉर्व्हेटमधलं ५.७ लिटरचं व्ही८, ४०० हॉर्सपॉवर, फक्त मॅन्युअल. त्या गाडीत कच्चेपणा होता. जोरात सुटताना मागचा अ‍ॅक्सल उड्या मारायचा, डिफरन्शियल दगा द्यायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिची चाचणी त्यांनी न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन केली होती, म्हणजे जर्मनांच्या आखाड्यात, आणि मला त्यातलं धाडस मोठं वाटतं. दुसऱ्या पिढीने ते वसूल केलं. मे २००८ मध्ये जॉन हाइनरिसी या जीएमच्याच, म्हणजे कॅडिलॅकच्या मालक कंपनी जनरल मोटर्सच्या, इंजिनिअरने ५५६ हॉर्सपॉवरची सीटीएस-व्ही त्या साडेवीस किलोमीटरहून लांब ट्रॅकवर ७ मिनिटं ५९.३२ सेकंदांत फिरवून आणली, कारखान्यातून येतात त्याच टायरवर. नुसत्या सरळ पळणाऱ्या गाडीला तिथे आठ मिनिटांच्या आत येता येत नाही, अव्या. तिथली वळणं मोजताना माणूस दमतो.

आता कालचं. आधी मी ई३९ चालवली. तिच्याबद्दल तुझ्यापुढे काय सांगू? ४.९ लिटरचं व्ही८, टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, ४०० पीएस, म्हणजे युरोपच्या मापातले हॉर्सपॉवर, आणि जन्मभर मॅन्युअलच. इंजिन वर चढत जातं तसा आवाज घट्ट होत जातो. पंचवीस वर्षांची गाडी, पण दार लावलं की अजून तिजोरीसारखं बसतं. गाडी वळणात शिरताना आधी थोडी झुकते, मग थांबते, आणि तिथून पुढे तुझ्यावर सोपवते. मी गप्प झालो होतो. तुझी आठवण आली.

मग ब्लॅकविंगमध्ये बसलो. क्लच अपेक्षेपेक्षा हलका, गिअर छोट्या अंतरात खटकन पडणारे. तिसऱ्यात असताना नुसता पाय टेकवला आणि गाडीने ओढ घेतली. टर्बोला आधी एक्झॉस्टचा झोत लागतो, सुपरचार्जर पट्ट्याने थेट क्रँकलाच बांधलेला, त्यामुळे इथे वाट पाहणं नाहीच. तुला ज्या पुशरॉड इंजिनाचा राग येतो तेच हे. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, एकच, तोही सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत, सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. जुनाट म्हणतोस तू. पण डोक्यावर चार कॅमशाफ्टचा पसारा नसल्यामुळे हे इंजिन बुटकं आणि आटोपशीर होतं, वजन खाली राहतं. वळणात गाडीचं नाक किती हलकं वाटतं ते हाताला कळल्यावर मला तो जुनाटपणा आवडायला लागला.

आणि ते सस्पेन्शन! मिशिगनचे रस्ते तू पाहिले नाहीस. हिवाळ्यात डांबराच्या भेगांत पाणी गोठतं, फुगतं, वसंतात रस्ता फुटतो, आणि मग पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांची आठवण येते. ब्लॅकविंगच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात. विजेच्या वेटोळ्याने चुंबकत्व दिलं की ते कण रांगेत उभे राहतात आणि तेल क्षणात घट्ट होतं, वीज काढली की पुन्हा पातळ. खड्डा आला की मऊ, वळण आलं की कडक. हे तंत्र गाडीत पहिल्यांदा आलं ते २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये. पुढे तेच फेरारीने ५९९ मध्ये घेतलं आणि ऑडीने आर८ मध्ये. वळण नसलेल्यांकडून युरोपने वळणाची विद्या घेतली, बघ.

आता जर्मनांचं. केबिन, कातडं, बटणांचा स्पर्श, ताशी अडीचशेला गाडीतली शांतता, यांत ते पुढेच आहेत आणि मी ते भांडून नाकारणार नाही. त्यांच्या ऑटोबान महामार्गांवर वेगाची मर्यादाच नाही असे पट्टे आहेत, तिथे गाडी तासन् तास स्थिर राहिली पाहिजे, म्हणून त्यांची घडण तशी झाली. इथे पेट्रोल स्वस्त, इंजिनाच्या आकारावर कर नाही, म्हणून मोठं इंजिन टिकलं. माती तसं पीक. पण आज युरोपातल्या कार्बनच्या नियमांनी त्यांना ज्या वाटेला नेलंय ते बघून मला हुरहूर वाटते. एम५ मधून मॅन्युअल २०१८ च्या गाडीपासून गेलंच. नवी एम५ हायब्रिड झाली, ताकद ७१७ हॉर्सपॉवर, पण अमेरिकेतल्या गाडीचं वजन २,४०० किलोच्या वर. ब्लॅकविंग १,९०० च्या आसपास. म्हणजे सात माणसं अधिक बसवून वळण घेतल्यासारखं आहे ते, आणि तरीही ती झपाट्याने वळते, इंजिनिअरांचं कसब थोर आहे. मर्सिडीजच्या एएमजीने तर सी६३ मध्ये व्ही८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि मोटर बसवली. आकडा मोठा, ६७१ हॉर्सपॉवर. पण ज्या आवाजासाठी लोक ती गाडी घ्यायचे तो गेला.

किमतीचं एका ओळीत सांगतो. ब्लॅकविंग बाजारात आली तेव्हा सुमारे ८५,००० डॉलरला होती, त्या वेळची एम५ लाखाच्या वर.

माझं म्हणणं एवढंच आहे अव्या, की ई३९ मध्ये आपण ज्याच्या प्रेमात पडलो होतो, म्हणजे पुढे मोठं इंजिन, मागे ताकद, मधे हातात गिअर आणि चार माणसांना आरामात बसायला जागा, ते आज कुठे नव्याने विकत मिळत असेल तर लॅन्सिंगला. जर्मनांनी शिकवलं आणि अमेरिकनांनी जपलं. काल एकामागून एक दोन्ही गाड्या चालवल्या आणि मला त्या एकाच घरच्या वाटल्या, थोरली आणि धाकटी.

आठवतंय का, पिंपरीच्या आवारात मर्सिडीजची डब्ल्यू१२४ जोडायला लागले तेव्हा आपण दोघं सायकलवरून तिकडे गेलो होतो, नुसती एक गाडी फाटकातून बाहेर येताना दिसावी म्हणून? दोन तास थांबलो. पांढरी गाडी आली नि तू म्हणालास, "दाराचा आवाज ऐकायला मिळाला असता तर." काल एम५ चं दार मी मुद्दाम तीनदा लावून पाहिलं.

तू ऑगस्टात लेकीकडे शिकागोला येणार आहेस ना? तिथून इथवर गाडीने पाच तास. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, त्या सुमारास ये. सहकाऱ्याशी मी आधीच बोललोय, दोन्ही किल्ल्या मिळतील. आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेव, आरटीओत वेळ लागतो. नदीच्या रस्त्यावर जाताना ब्लॅकविंग तू चालव, परत येताना एम५.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं ते कळव.

तुझाच,
मंद्या