वीस पावलांवरून

मॅडिसन, विस्कॉन्सिन
16 नोव्हेंबर

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही "तू शिकार करतोस म्हणे?" एवढंच विचारलंत आणि फोन काकूकडे दिलात. काकूशी मी तिचे गुडघे, ग्वाल्हेरचा यंदाचा मेला, बाड्यावरची ट्रॅफिक अशा सगळ्यावर बोललो, पण तुमचा प्रश्न तसाच राहिला. त्याला फोनवर धड उत्तर देता आलं नसतं, म्हणून हे पत्र. वाचून झालं की फोटो काढून साताऱ्याच्या आत्यालाही पाठवा. तिच्यापर्यंत म्हणे "पोरगा तिकडे जाऊन पार रानटी झाला" अशी बातमी पोचली आहे.

तर हो, करतो. हरणाची, आणि धनुष्यबाणाने. यंदा तिसरं वर्ष. तीन वर्षांत दोन हरणं मिळाली आणि एक वाया गेलं. खरं तर त्या वाया गेलेल्याबद्दल सांगायलाच बसलोय.

तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला इथे बसून दिसतंय. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या घराच्या बैठकीतला पणजोबांचा फोटो. शिकारखान्यातली नोकरी, मागे ओळीने हाकेवाले, मधोमध हॅट घातलेला पाहुणा आणि त्याच्या पायाशी वाघ. मी दहा वर्षांचा असेन, तुम्ही मला जयविलास राजवाडा बघायला नेलं होतं. मी चांदीची आगगाडी बघायला आलो होतो आणि अडकलो पेंढा भरलेल्या वाघांपाशी. तेव्हा तुम्ही म्हणालात, "यात मर्दुमकी कसली? हाका गरिबांनी घातला, याने नुसता घोडा दाबला." इथे पहाटे झाडावर बसलो की हे वाक्य हटकून आठवतं.

इथे हाका नाही. एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या ओकच्या रानात जायचं, अंधारातच. अठरा-वीस फुटांवर झाडाला बांधलेलं मचाण, अंगाला सुरक्षेचा पट्टा, आणि मग हलायचं नाही. वारा हरणाच्या वाटेकडून आपल्याकडे येत असला तरच चढायचं, उलटा असेल तर घरी जायचं. पहिल्या वर्षी मला हे पटत नव्हतं. एकदा वारा फिरला, साठेक यार्डांवर मादी थबकली, पुढचा पाय आपटला, जोरात फुरफुरली, पांढरी शेपटी उभी करून गेली आणि तिच्याबरोबर मला न दिसलेली आणखी चार.

धनुष्य म्हणजे रामलीलेतलं नव्हे. टोकांना चाकं असलेलं कंपाउंड धनुष्य. मिसूरीच्या ॲलन नावाच्या माणसाने 1966 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. माझं 60 पौंडांचं आहे, म्हणजे सुमारे 27 किलो ओढायचे. पण दोरी पूर्ण मागे आली की चाकं वळतात आणि हातावर 12 पौंडच उरतात, त्यामुळे ताणून धरून थांबता येतं. घोटाळा इथेच होतो. हात स्थिर, दुर्बिणीसारखं नेमकं नेम धरायचं साधन, मग माणसाला वाटतं आपण लांबूनही मारू. आमच्या मागच्या अंगणात मी 50 यार्डांवरून ताटाएवढ्या वर्तुळात सगळे बाण लावतो. मात्र फोमच्या हरणाला कान नसतात.

खऱ्याला असतात. बाण सेकंदाला 280 फूट जातो, दोरीचा आवाज 1100 फूट. 40 यार्डांवर बाण पोचायला 0.43 सेकंद लागतो आणि आवाज 0.11 सेकंदातच पोचलेला असतो. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याच्या सेकंदात सावध हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबतं. आपण सोडलेला बाण बरोबर असतो, जनावर तिथे नसतं. 20 यार्डांवर त्याला याच्या निम्माच वेळ मिळतो.

आणि बाण गोळीसारखा धक्का देऊन पाडत नाही. त्याचं पातं वस्तऱ्यासारखं, काम सगळं रक्तस्रावाचं. दोन्ही फुफ्फुसांतून आरपार गेलं तर हरीण दहा-पंधरा सेकंदांत पडतं, बरेचदा दिसतंय तिथेच. म्हणून ते आडवं उभं असावं, नाहीतर थोडं पाठमोरं, पुढचा पाय पुढे टाकलेला. समोरून नाही, मागून तर मुळीच नाही. इंचभर इकडेतिकडे झालं की गोष्ट वेगळी.

माझी वेगळी झाली. मागच्या वर्षी, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. शिंगांना आठ टोकं असलेला नर, 38 यार्डांवर. मला शिकवणारे एक म्हातारे सुतार आहेत, आमचे शेजारी. त्यांनी बजावलं होतं, "तू 20 च्या पुढे सोडू नकोस." पण अंगणातला तो 50 यार्डांचा मी डोक्यात बसलेला होतो. सोडला. नराने मान वळवली, एक पाऊल टाकलं आणि बाण मागे लागला. पाठ बाकदार करून तो चालत गेला, पळालासुद्धा नाही.

खाली उतरून बाण उचलला. त्यावर लाल फेस नव्हता. हिरवट चिकटा आणि वास. फुफ्फुसाचं रक्त गुलाबी, बुडबुड्यांचं असतं, यकृताचं काळपट. हा वास म्हणजे पोट. अशा वेळी निदान आठ-दहा तास जनावराच्या मागे जायचंच नाही, ते जवळच बसतं आणि तिथेच मरतं, हे मला पाठ होतं. पण आभाळ भरून आलेलं, पावसाने माग धुतला जाईल या भीतीने मी तासाभरातच निघालो आणि त्याला बसल्या जागेवरून उठवलं. मग म्हातारबाबांना बोलावलं. थेंब सापडला की तिथे टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत आम्ही दोघं रात्री साडेदहापर्यंत गुडघ्यांवर चालत होतो. शेवटचा थेंब अक्रोडाच्या एका पिवळ्या पानावर, तुरीच्या डाळीएवढा. पुढे पाऊस. दुसऱ्या दिवशीही शोधलं, शेजारच्या शेतात परवानगी काढून. नाही सापडलं.

नियमाने मला पुढेही शिकार करता आली असती, कारण हरीण हाती लागलंच नव्हतं. म्हातारबाबांनी गाडीत बसताना फक्त विचारलं, "मग, यंदाचं तुझं हरीण झालं ना?" मी हो म्हणालो आणि धनुष्य खुंटीला टांगलं ते वर्षभर.

आपल्याकडे दशरथाची गोष्ट श्रावणबाळाच्या कावडीसाठी सांगतात. मला ती हल्ली बाणाची गोष्ट वाटते. दशरथाला शब्दवेध येत नसता तर त्याने अंधारात आवाजावर बाण सोडलाच नसता. जे येतं तेच करून बघावंसं वाटतं, हा त्याचा दोष, आणि माझाही.

उलट इशी. 1911 मध्ये कॅलिफोर्नियात ओरोविल गावी आलेला, 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतला शेवटचा माणूस. सॅक्स्टन पोप हे सर्जन त्याच्याकडून धनुष्य शिकले. निशाणावर मारण्यात डॉक्टर पुढे त्याला हरवू लागले, पण रानात जनावराच्या जवळ जायचं ते इशीनेच. 1916 मध्ये तो क्षयाने गेला.

तुम्ही विचाराल, मग बंदूकच जास्त दयाळू नाही का? इंग्लंडात 1963 च्या कायद्याने हरणावर बाण चालवायला बंदी केली, जर्मनीतही बंदी आहे, आणि कारण हेच. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की बाण सोडला अशा क्षणांपेक्षा न सोडलेले क्षण मी कितीतरी पटीने जास्त बघितले आहेत. हातात बंदूक असती तर त्या प्रत्येक वेळी गोळी झाडलीच असती. आणि तिकडे शिकार पुन्हा उघडावी असं मी चुकूनही म्हणणार नाही. गंमत अशी की 1972 मध्येच आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद होऊ लागली आणि त्याच वर्षी इकडे धनुष्यबाणांवर 11 टक्के कर बसवायचा कायदा झाला, ज्याचा पैसा जनावरांच्या रानांसाठी जातो. पणजोबांच्या वेळचं शिकारीचं शिवपुरीचं रान तर आता व्याघ्र प्रकल्प झालंय. पणजोबांना हसू आलं असतं.

यंदा ऑक्टोबरात एक मादी 16 यार्डांवर आली. तिच्या कानाला गोचीड होती, तीही दिसत होती. कान एक पुढे, एक मागे. तिने डोकं ओकच्या बुंध्याआड घातलं तेव्हा मी दोरी ओढली. सगळं जमलं होतं, पण तिच्या पलीकडे, अगदी रेषेत, दुसरं हरीण चरत होतं आणि बाण आरपार जाणारा. दंड थरथरायला लागेपर्यंत धरलं. मग बाण न सोडता हळूच दोरी ढिली केली. त्या कुरकुरीनेच दोघी गेल्या. घरी आलो तर बायको म्हणाली, "आज डाळच ना?"

दहा दिवसांनी दुसरी आली, 18 यार्डांवर, एकटी. ती माझ्या डोळ्यांसमोर पडली. खाली उतरलो तेव्हा मानेखालचा केस अजून ऊबदार होता. तिथे किती वेळ बसलो आठवत नाही. इथल्या हरणांत 2002 पासून मेंदूचा एक रोग आहे, म्हणून डोकं तपासणीला दिलं आणि निकाल आल्यावरच मांस शिजवलं. विकायला कायद्याने बंदीच आहे, अर्धं म्हातारबाबांकडे गेलं. चरबी फार कमी, म्हणून बोकडासारखं शिजवलं तर चिवट होतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि मंद आच लागते. काकूचा मसाला आता तळाला गेलाय. जानेवारीत येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा म्हणावं.

आणि काका, एक काम. बैठकीतला तो फोटो भिंतीवरून काढून मागची बाजू बघाल का? हाकेवाल्यांत डावीकडून तिसरा, अनवाणी, हातात डबा धरलेला, त्याचं नाव कुठे लिहिलंय का?

तुमचा,
बाळू