गावचा खेळाडू म्हणजे कोण?

महोदय,

चवथ (गणेश चतुर्थी) झाली आणि पाऊस ओसरला की गोव्यातल्या आमच्या डिचोली भागात आंतरगाव फुटबॉल स्पर्धांचे फलक लागू लागतात. 'खेळाडू गावचाच हवा' ही अट त्यावर ठळक अक्षरांत असते. अट योग्यच आहे. चषकासाठी बाहेरून तयार खेळाडू उचलून आणणाऱ्यांना तिने चाप बसतो. पण गेल्या हंगामात तिच्यावरच बोट ठेवून एका पोराला संघाबाहेर बसवले. बाप कर्नाटकातल्या कोप्पळहून गवंडीकामाला आलेला. पोराचा जन्म इथला, शाळा इथली मराठी, भांडण मात्र अस्सल कोंकणीत. डाव्या पायाने कॉर्नर असा घेतो की गोलकीपरला पुढे यावे की मागे राहावे तेच सुचत नाही. मी त्याला तिसरीपासून शिकवला आहे. बैठकीत एकाने विचारले, "भायल्यांचो (बाहेरच्यांचा) तो, गांवचो कसो?" आणि विषय मिटला.

याच बैठकीतली निम्मी मंडळी जून २०२२ मध्ये माझ्यासारखीच मध्यरात्र उलटेपर्यंत टीव्हीसमोर होती. कतारात ऑस्ट्रेलिया आणि पेरू यांच्यात विश्वचषकाच्या शेवटच्या काही जागांपैकी एकीसाठी सामना होता. १२० मिनिटे गोल नाही. पेनल्टीत ऑस्ट्रेलियाची सहावी किक आवेर माबिलने घेतली आणि ती आत गेली. पुढची पेरूची किक ऑस्ट्रेलियाचा गोलकीपर रेडमेनने अडवली, ५-४. माबिलचे आईवडील सुदानातून पळालेले, त्याचा जन्म केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीतला. २००६ मध्ये, दहा-अकरा वर्षांचा असताना तो ॲडलेडला आला. सामन्यानंतर तो म्हणाला की, छावणीत आम्ही सारे राहायचो त्या झोपडीपेक्षा माझी इथली हॉटेलची खोली मोठी आहे, आणि हा गोल म्हणजे ऑस्ट्रेलियाचे आभार. पुढच्याच वर्षी त्या देशाने त्याला 'यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' केले. तेव्हा टाळ्या आपणही वाजवल्या. त्या वेळी त्याचा मूळ गाव कोणी काढला नाही.

गवंड्याचा पोर निर्वासित नव्हे, हे मला कळते. पण मग त्याचा हक्क तर अधिकच सोपा. तो याच देशाचा नागरिक आहे.

आणि हे आपण गोमंतकीयांनी विचारावे? सेराफिनो आंताव मोंबासात जन्मले, आईवडील गोव्याचे. १९६२ च्या पर्थ राष्ट्रकुल स्पर्धेत १०० आणि २२० यार्ड, दोन्ही शर्यती त्यांनी जिंकल्या. राष्ट्रकुलात केनियाला मिळालेले ते पहिले सुवर्ण. स्वतंत्र केनिया १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकला प्रथम उतरला, तेव्हा ध्वज त्यांच्याच हाती होता. त्या काळच्या केनियाच्या हॉकी संघात तर फर्नांडिस-मेंडोन्सांची रांगच असे. उलट अनुभवही आपल्या पदरी आहे: १९७२ मध्ये इदी अमीनने ९० दिवसांची मुदत देऊन आशियाईंना युगांडाबाहेर काढले, त्यांत गोमंतकीय कुटुंबेही होती.

माझी मागणी छोटी आहे. अटीत एक ओळ वाढवा: गावात पाच वर्षे राहिलेला किंवा गावच्या शाळेत शिकलेला मुलगा गावचाच धरावा. पुरावा म्हणून शाळेचा दाखला पुरे. आयोजकांनी हे फलक छापण्याआधी करावे. छापल्यावर 'पुढच्या वर्षी बघू' हे उत्तर ठरलेलेच असते.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, डिचोली