एअर सस्पेन्शन: कॉम्प्रेसर बदलण्याआधी गळती शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा या पट्ट्यात एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी बलूनवर तोललेल्या, जुन्या गाड्या आता बऱ्याच दिसतात. मुंबई-पुण्यात आठ-दहा वर्षे चाललेली मर्सिडीज, ऑडी क्यू ७ किंवा रेंज रोव्हर इकडे सेकंड हँड येते. या सस्पेन्शनमधल्या रबराचे आयुष्यही साधारण तेवढेच, आठ ते दहा वर्षांचे. त्यामुळे गाडी इथल्या दारात उभी राहून फार दिवस होत नाहीत, तोच एका सकाळी तिचा एक कोपरा टेकलेला दिसतो. ‘गाडी बसनी’ (गाडी बसली) असा निरोप गॅरेजला जातो आणि दुरुस्तीला उलट्या टोकाकडून सुरुवात होते. सगळ्यात आधी कॉम्प्रेसर बदलला जातो आणि काही महिन्यांत तो नवा कॉम्प्रेसरही जळतो. हा खर्च टाळता येतो. त्यासाठी पहिल्या दिवशी एक टेप, साबणाचे पाणी आणि एक रात्र एवढेच लागते, हे वाचकांपर्यंत आणि आमच्या व्यवसायबंधूंपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

ठिबकची लॅटरल उंदराने कुरतडली म्हणून कोणी विहिरीवरची मोटार बदलत नाही. इथेही तसेच आहे. चाकाजवळ स्प्रिंगच्या जागी रबरी बलून असतो. त्यात गाडीच्या वजनाप्रमाणे साधारण ५ ते १० बार दाब असतो. टायरमध्ये आपण सव्वादोन-अडीच बार भरतो, त्याच्या दुपटी-चौपटीने. विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्ह ब्लॉक ती ज्या त्या कोपऱ्याला वाटतो आणि प्रत्येक चाकाजवळचा उंची सेन्सर कंट्रोल युनिटला माप सांगतो. ट्रक-बसला इंजिनावर चालणारा मोठा कॉम्प्रेसर असतो, तो तासन् तास चालला तरी बिघडत नाही. कारचा कॉम्प्रेसर काही मिनिटेच चालायचा आणि थंड व्हायचा, अशाच हिशेबाने बनवलेला आहे. त्यात तेल नसते. पिस्टनची रिंग कोरडीच घासते. बलून गळू लागला की तो पुन्हा पुन्हा सुरू होतो, तापतो, रिंग झिजते, दाब कमी पडतो, म्हणून तो आणखी जास्त वेळ चालतो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना त्याला थंड व्हायला वावच मिळत नाही. म्हणून स्कॅनरवर, म्हणजे कंट्रोल युनिटमधले दोष वाचणाऱ्या यंत्रावर, ‘कॉम्प्रेसर जास्त वेळ चालला’ किंवा ‘कॉम्प्रेसर तापला’ असा कोड आला, तर आधी गळतीचाच संशय घ्यावा.

तपासणीची पहिली पायरी मालकाला घरीच करता येते. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी टेपने माप घ्यावे आणि लिहून ठेवावे. दहा-बारा तासांनी, दार न उघडता आणि चावी न लावता, पुन्हा मोजावे. एकाच कोपऱ्याने दीड-दोन सेंटिमीटर सोडले असतील, तर गळती त्या कोपऱ्याच्या बलूनमध्ये, नळीत, जोडात किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. चारही कोपरे सारखेच सेंटिमीटरभर उतरले असतील, तर घाबरू नये. संध्याकाळी ३० अंश आणि पहाटे १० अंश असे हिवाळ्यात आपल्याकडे होतेच, आणि २० अंशांच्या फरकाने बलूनमधली हवा सहा-सात टक्के आकसते. धुळ्याच्या थंडीत अशा तक्रारी वाढतात, त्यातल्या काही निव्वळ एवढ्याच असतात. मात्र थंडीत रबर कडक होते, त्यामुळे उन्हाळ्यात लपलेली बारीक गळतीही याच दिवसांत उघडी पडते.

इथे एक फसगत होते. काही गाड्यांचे, विशेषतः लँड रोव्हरचे, कंट्रोल युनिट गाडी बंद असतानाही अधूनमधून जागे होते आणि सगळ्यात खाली गेलेल्या कोपऱ्याच्या पातळीला बाकीचे कोपरे उतरवते. सकाळी चारही कोपरे खाली दिसतात आणि दोष व्हॉल्व्ह ब्लॉकवर जातो. म्हणून रात्री गाडी उभी केल्यावर सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटचा फ्यूज काढून ठेवावा. मग जो कोपरा बसेल तोच खरा गळका. आणखी एक: बलूनला तडा त्याच्या घडीवर, म्हणजे रबर जिथे खाली वळते तिथे पडतो. गाडीची उंची बदलली की घडीची जागा बदलते. त्यामुळे नॉर्मल उंचीला न गळणारा बलून खालच्या किंवा वरच्या उंचीला गळू शकतो. एकाच उंचीला तपासून ‘गळती नाही’ असे सांगणे बरोबर नाही.

कोपरा सापडला की साबणाचे पाणी. भांडी घासायचा लिक्विड सोप एक भाग आणि पाणी दहा भाग, फवारणीच्या बाटलीत. गाडी शक्यतो चाकांवर वजन असतानाच तपासावी. चेसीवर उचलून चाके लोंबकळली की घडी उलगडते आणि तडा मिटून जातो. बलूनची घडी, वरचा पितळी जोड, व्हॉल्व्ह ब्लॉकचे सगळे जोड, कॉम्प्रेसरची आउटलेट नळी, या क्रमाने फवारावे आणि प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे थांबावे. मोठी गळती लगेच बुडबुडे देते, बारीक गळतीचा पांढरा फेस सावकाश जमतो. घाई केली की नेमकी तीच सुटते. अनेक गाड्यांच्या पुढच्या स्ट्रटमध्ये (शॉकॲब्सॉर्बर आणि बलून यांच्या एकत्र जोडणीत) बलून ॲल्युमिनियमच्या डब्यात आणि धुळीच्या कव्हराखाली लपलेला असतो. तिथे कव्हर सैल करून आत फवारल्याशिवाय काही कळत नाही. बलून किंवा जोड पुसायला रॉकेल, डिझेल, ग्रीस मुळीच वापरू नये, त्याने रबर फुगते.

फेस कुठेच आला नाही, तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर. त्या कोपऱ्याची नळी ब्लॉकपासून सोडवून तिला दाबमापक आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह जोडावा, बाहेरून हवा भरून व्हॉल्व्ह बंद करावा आणि रात्रभर काटा पाहावा. काटा हलला नाही तर बलून आणि नळी निर्दोष, दोष ब्लॉकचा. नळी सोडण्याआधी मात्र गाडीचे वजन लोखंडी घोड्यांवर (गाडी टेकवायच्या स्टँडवर) असलेच पाहिजे. नळ्या ४ किंवा ६ मिलिमीटरच्या नायलॉनच्या असतात. टोक पक्कडीने तोडू नये. धारदार ब्लेडने सरळ काटकोनात कापावे, जोडातले जुने पितळी कडे पुन्हा वापरू नये. कोणती नळी कोणत्या पोर्टची हे चिकटपट्टी लावून आधीच लिहावे, नाहीतर डावा कोपरा उचलायला सांगितल्यावर उजवा उठतो.

ब्लॉकमध्ये कचरा येतो तो बहुधा ड्रायरमधून, आणि ड्रायरकडे आमच्या व्यवसायात सगळ्यात कमी लक्ष दिले जाते. कॉम्प्रेसरच्या बाजूला सिलिका जेलच्या दाण्यांची डबी असते. आत जाणाऱ्या हवेतली ओल हे दाणे शोषतात. गाडी खाली करताना बलूनमधली कोरडी हवा त्याच दाण्यांतून बाहेर जाते आणि ओल सोबत नेते. म्हणजे ड्रायर आपोआप सुकतो. गळतीच्या गाडीत हवा बलूनमधूनच निघून जाते, ड्रायरमधून परत येतच नाही. दाणे भिजतात, पिचतात, त्यांची पांढरी भुकटी व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसते आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. एका बलूनच्या गळतीने कॉम्प्रेसर आणि ब्लॉक दोन्ही जातात ते असे. कॉम्प्रेसर बदलताना ब्लॉकच्या पोर्टमध्ये पांढरी भुकटी दिसते का ते बघावे. दिसली तर नळ्या कोरड्या हवेने फुंकून घ्याव्यात आणि ब्लॉक साफ करावा किंवा बदलावा. हवा ओढण्याच्या नळीवरचा छोटा फिल्टरही त्याच वेळी बदलावा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ तो फार लवकर तुंबवते.

आता कॉम्प्रेसर खरोखर गेला आहे का, ते कसे ओळखायचे? तो अजिबात सुरू होत नसेल तर आधी फ्यूज पाहावा; अनेक गाड्यांत तो ४० अँपिअरचा असतो. मग रिले, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच. रिलेचे पॉइंट जळले की कॉम्प्रेसर सुरू होत नाही, आणि ते एकमेकांना चिकटले की गाडी बंद केल्यावरही तो चालतच राहतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण सकाळपर्यंत बॅटरीही जाते आणि मोटारही. म्हणून कॉम्प्रेसरसोबत रिले बदललाच पाहिजे. त्याची किंमत कॉम्प्रेसरच्या मानाने काहीच नाही. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर आणि त्याच्या प्लगवर व्होल्टेज मोजावे. फरक एक व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा आहे. व्होल्टेज पूर्ण आहे, मोटार फिरते, पण आउटलेटला दाबमापक लावल्यावर काटा दहा बारपर्यंतही चढत नाही, तर रिंग झिजली असे म्हणता येते. तेव्हा नवा कॉम्प्रेसर बसवायला हरकत नाही, पण गळती बंद झाल्यानंतरच.

बलून बदलताना एक चूक वारंवार होते. नवा बलून बसवला, चाक लावले आणि हवा न भरताच गाडी जमिनीवर सोडली. रिकामा बलून वजनाखाली चुरगळतो, घडी भलत्याच ठिकाणी पडते आणि नवा माल काही दिवसांत फाटतो. आधी गाडी उचललेल्या स्थितीत स्कॅनरने बलूनमध्ये हवा भरावी, घडी चहूबाजूंनी सारखी आली ते पाहावे, मगच गाडी खाली घ्यावी. बलूनला बसवताना पीळ पडू देऊ नये, ओ-रिंग नव्या घालाव्यात, सस्पेन्शन आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावर कसावेत. एका ॲक्सलचे दोन्ही बलून सारख्याच वयाचे असतील तर जोडीने बदलणेच शहाणपणाचे. विकत घेताना बलूनवरची उत्पादनाची तारीख वाचावी. चार-पाच वर्षे दुकानात पडून असलेले रबर नवे धरता येत नाही.

उंची सेन्सरची दांडी तुटली किंवा तिचा बॉल-जॉइंट आवळला, तर हवा कुठेही गळत नसताना गाडी वाकडी उभी राहते. सेन्सर किंवा बलून बदलल्यावर उंचीचे कॅलिब्रेशन स्कॅनरवर करावेच लागते. त्या वेळी चारही टायर एकाच मापाचे आणि योग्य हवेचे असावेत, फरशी सपाट असावी. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड दाखवतो, सस्पेन्शनचे नाही. त्यावर ‘काही दोष नाही’ आले म्हणून निश्चिंत राहू नये.

एअर काढून साध्या स्प्रिंग बसवून देण्याची कल्पना अनेक मालकांना आवडते. आमचे मत विचाराल तर ती शेवटची वाट आहे. वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंग मिळाल्या नाहीत तर गाडी वळणावर झुलते आणि कन्नड घाटात ते जाणवल्याशिवाय राहत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनातल्या फेरफारांना लागू होते; आधी आरटीओ आणि विमा कंपनी यांना विचारल्याशिवाय हात घालू नये.

रस्त्यात गाडी बसली तर टायर मडगार्डला घासतो. तशी गाडी राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून पारोळा-एरंडोलपर्यंत ओढत नेणे म्हणजे टायर फोडून घेणे. टोचन लावू नये, एक टोक उचलणारी क्रेनही नको. सपाट तळाची गाडी मागवावी आणि पट्टे बॉडीला न बांधता चाकांना बांधावेत. प्रवासात हवा आणखी उतरते आणि बॉडीला बांधलेले पट्टे सैल पडतात. पंक्चर काढणाऱ्या बांधवांना कळकळीची विनंती: जॅक लावण्याआधी मालकाला जॅक मोड (उंची आपोआप बदलणे थांबवणारी सोय) चालू करायला सांगा आणि घोडी लावल्याशिवाय मडगार्डखाली हात किंवा डोके घालू नका. या गाड्या कसलीही सूचना न देता क्षणात खाली येतात.

पावसाळ्यानंतर महिन्यातून एकदा गाडी सगळ्यात वरच्या उंचीला नेऊन बलूनच्या घडीतली माती साध्या पाण्याच्या धारेने धुवावी. केळीच्या बागांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरचा काळा चिखल घडीत वाळला की प्रत्येक धक्क्याला सँडपेपरसारखा घासतो.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन मागण्या मांडतो. गॅरेजवाल्यांनी बिलावर संध्याकाळची आणि सकाळची चारही मापे, फेस आला ती जागा आणि कॉम्प्रेसरवरचे व्होल्टेज लिहून द्यावे; मालकांनी हे आकडे पाहिल्याशिवाय कॉम्प्रेसरला होकार देऊ नये. आणि जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतील आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गात गळती शोधण्याचे हे प्रात्यक्षिक निदान एक दिवस तरी घ्यावे. धडे देण्यासाठी वर्गात यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
चारचाकी दुरुस्ती करणारे काही कारागीर, जळगाव