‘ताबा सुटला’ लिहिण्याआधी माल कसा बांधला होता ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ट्रेलरवरचा माल घसरून अपघात झाला की बातमीतलं वाक्य ठरलेलं असतं : ‘भरधाव ट्रेलरवरील चालकाचा ताबा सुटला.’ माल कशाने बांधला होता, खाली गुटके (माल अडवायचे लाकडी ठोकळे) होते का, साखळी कुठून कुठे ओढली होती, हे त्या बातमीत शोधूनही सापडत नाही. नागपूरजवळच्या कापसी, पारडी, बुटीबोरी या भागात उघड्या ट्रेलरवर लोखंड भरणारे आणि वाहणारे आम्ही लोक आहोत. आमचं म्हणणं असं की यातले बरेच अपघात रस्त्यावर नाही, माल भरायच्या यार्डातच ठरून जातात.

कॉइलच घ्या, म्हणजे मधे भोक असलेली लोखंडी पत्र्याची गुंडाळी. २० टनांची कॉइल वजनानेच जागेवर बसते, असा समज फार पसरला आहे. बसत नाही. करकचून ब्रेक लागला की माल आपल्या वजनाच्या सुमारे ८० टक्के जोराने पुढे जायला बघतो. माल बांधायचा हिशोब याच आकड्यावर करतात. म्हणजे २० टनांच्या कॉइलला १६ टनांचा जोर. खाली कोरडं लाकूड असेल तर घर्षणाने (वजनाच्या सुमारे ३० टक्के) त्यातले ६ टन अडतात. उरले १० टन. आता वरून टाकलेला बेल्ट काय करतो ते बघा. हाताने रॅचेट (बेल्ट आवळायचा दातेरी खटका) ओढून बेल्टमध्ये साधारण ४०० किलोचा ताण येतो. दोन्ही बाजू मिळून ८०० किलोने तो माल खाली दाबतो, आणि त्या दाबाने वाढलेलं घर्षण भरतं जेमतेम २४० किलो. १० टन अडवायला असे चाळीसहून जास्त बेल्ट लागतील. ट्रेलरवर असतात तीन किंवा चार! हा हिशोबही बेल्ट सरळ उभा उतरतो तेव्हाचा. माल बुटका असला आणि बेल्ट ३० अंशांत तिरका आला की दाब निम्म्यावर येतो. बेल्टच्या पट्टीवर ‘५ टन’ छापलेलं असतं, ते बेल्ट किती ताण सोसतो याचं. माल किती जोराने दाबतो याचं नव्हे. हा घोळ भरणाऱ्यापासून गाडीमालकापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात आहे आणि तोच जीव घेतो.

म्हणून कॉइल आधी अडवायची, मग बांधायची. भोक गाडीच्या बाजूकडे तोंड करून असेल तर ती पुढे-मागे लोळणार. तिच्या पुढे आणि मागे त्रिकोणी गुटके हवेत, आणि ते एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून लोखंडी पट्टीने किंवा अँगलने जोडलेले हवेत. नुसते खिळे मारलेले गुटके पहिल्या जोरदार ब्रेकला उपटून येतात. कॉइल गुटक्यांच्या उतारावर बसली पाहिजे, ट्रेलरच्या पत्र्यावर नाही. तपासायची रीत सोपी आहे : खाली वाकून एका बाजूने टॉर्च मारायचा. कॉइलच्या पोटाखालून दोन सेंटिमीटरची उजेडाची रेघ पलीकडे दिसली तर वजन गुटक्यांवर आहे. उजेड दिसला नाही तर कॉइल पत्र्यावर टेकली आहे आणि गुटके नावाला उभे आहेत. क्रेन सुटण्याआधी ती पुन्हा उचलून घ्यावी.

त्यानंतर साखळी. भोकातून दोन साखळ्या मागे आणि दोन पुढे, शक्यतो ४५ अंशांपेक्षा जास्त उभ्या होऊ न देता. १० मिलिमीटरची ‘ग्रेड ८०’ दर्जाची साखळी ६.३ टन ताण धरते आणि तिच्यावर तसा टॅग असतो. भंगारातून आणलेल्या साखळीची ताकद कोणालाच माहीत नसते. तुटलेली कडी वेल्डिंग करून जोडलेली साखळीही बाद समजावी, कारण उष्णतेने त्या कडीचं पाणी उतरतं. भोकाच्या काठावर साखळीखाली किंवा बेल्टखाली कोपऱ्याची पट्टी हवी. कॉइलची धार बेल्ट कापते, आणि काठाला चीर गेलेला बेल्ट गाठ मारून वापरणं म्हणजे त्याची निम्मी ताकद फेकून देणं.

सळ्यांचं दुखणं वेगळं. बेल्ट वरून कितीही आवळला तरी तो बाहेरच्या सळ्या धरतो. मधल्या सळ्या गठ्ठ्यातून तिरासारख्या पुढे निघतात, आणि पुढे केबिन असते. त्यासाठी साखळीचा पूर्ण वेढा गठ्ठ्याभोवती घ्यायचा आणि मग ती खाली ओढायची. गठ्ठा ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या उभ्या आडोशाला भिडलेला असावा. वजनाच्या वाटणीसाठी मागे ठेवावा लागला तर मधली जागा लाकडाने भरून काढावी. हातभर मोकळी जागा राहिली की माल तेवढ्यात वेग धरतो आणि आडोसा वाकवतो. थरांमधलं लाकूड आडवं, चपटं ठेवावं. चौकोनी किंवा उभं ठेवलेलं लाकूड लोळतं. वरचं लाकूड खालच्याच्या बरोबर डोक्यावर यावं, नाहीतर गठ्ठे वाकून बेल्ट सैल पडतात. पॅकिंगची हलकी फळी या कामाची नाही. बाभळीचे गुटके लकडगंजातल्या आरागिरणीतून हव्या त्या कोनात कापून घेता येतात आणि त्यांचा खर्च एका खेपेच्या भाड्यापुढे काहीच नाही.

वजनाची जागा चुकली तरी बांधणी वाया जाते. २०१८ च्या जुलैपासून तीन ॲक्सलच्या (चाकांच्या आडव्या दांड्यांच्या) ट्रेलरला घोड्यासकट, म्हणजे तो ओढणाऱ्या पुढच्या इंजिनगाडीसकट, ५५ टनांची मुभा आहे : घोड्याचा पुढचा ॲक्सल ७, घोड्याचे मागचे दोन ॲक्सल २१, ट्रेलरचे तीन २७. वजनकाट्यावर एकूण वजन बरोबर भरतं, पण कॉइल फार पुढे ठेवली तर घोड्याचे ॲक्सल मर्यादा ओलांडतात. फार मागे ठेवली तर घोडा हलका पडतो, ओल्या रस्त्यावर त्याची चाकं फिरतात आणि ब्रेक लागताच ट्रेलर त्याला बाजूला ढकलतो. काट्यावर ॲक्सलनिहाय वजन घेऊन पावती द्यायला काही अडचण नसावी.

पावसाळ्यात आणि तेल लावलेल्या कॉइलला वरचा सगळा हिशोब बिघडतो. तेलकट लोखंडावर लोखंड असेल तर घर्षण १० टक्क्यांवर येतं. माल उतरवल्यावर पत्र्यावर तेल राहिलं असेल तर पुढची खेप भरण्याआधी भुसा टाकून पुसून घ्यावं. रबराची चटई त्याहून चांगली, ती घर्षण जवळपास दुप्पट करते.

आता मुद्द्याची अडचण. बांधलेला माल पहिल्या २०-२५ किलोमीटरमध्ये बसतो : लाकूड दबतं, बेल्ट ताणतो, गठ्ठे सरकून जुळतात. तेव्हा थांबून सगळं पुन्हा आवळावंच लागतं. पण थांबायचं कुठे? बुटीबोरीहून निघालेली गाडी जामठ्याकडे येईपर्यंत किंवा कापसीहून भंडाऱ्याकडे जाणारी गाडी मौद्याच्या आसपास असताना ती रस्त्याच्या कडेला उभी केली तर मागून येणाऱ्याला धोका आणि गाडीला चलन. नाही थांबलं तर बेल्ट सैल. या दोन्ही रस्त्यांवर, यार्डांपासून २५ किलोमीटरच्या आत, दिवे असलेली आणि आठ-दहा ट्रेलर उभे राहतील एवढी जागा महामार्गाच्या यंत्रणेने आखून द्यावी, ही आमची पहिली मागणी.

दुसरी यार्डवाल्यांकडे. कॉइल ट्रेलरवर टेकते न टेकते तोच ‘गाडी काढ, मागं लाईन लागली’ म्हणून ओरड सुरू होते आणि बांधायचं काम गेटाबाहेर, धुळीत, क्रेनशिवाय होतं. गेटपास देण्याआधी गेटाच्या आत अर्धा तास आणि सपाट जागा द्या. गुटके कमी असतील तर गाडी भरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जास्त वजनासाठी २० हजार आणि वरच्या दर टनाला २ हजार दंड आहे, बाहेर आलेल्या मालासाठी वेगळे २० हजार. त्यात गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा असे दोघेही येतात. दंडाची पावती मात्र खिडकीतून चालकाच्याच हातात पडते.

आणि आपल्याकडे एक विनंती. अशा अपघाताच्या ठिकाणी आपला प्रतिनिधी गेला तर त्याने ट्रेलरच्या रिकाम्या प्लॅटफॉर्मचा एक फोटो घ्यावा. पत्र्यावर गुटक्यांचे ओरखडे आहेत का, साखळीच्या तुटलेल्या कडीवर वेल्डिंगचा डाग आहे का, बेल्टचं टोक ताणून तुटलंय की धारेने सरळ कापलं गेलंय, हे त्यात दिसेल. बातमीत तेवढी दोन वाक्यं छापावीत.

आपले,
ट्रेलरचालक व लोडिंग मुकादम
कापसी, नागपूर