सेकंडहँड सिरॅमिक ग्रिल घ्या, पण आतून बघून घ्या

संपादक महोदय,

तुमचा पेपर परदेशात फोनवर वाचणारे आम्ही पुष्कळ जण आहोत, त्यातल्या अटलांटाच्या एका वाचकाचं हे पत्र. मे महिना आला की इथल्या मराठी घरांत हमखास हा विषय निघतो, कोळशावरचा छोटा सिरॅमिक ग्रिल घ्यायचाय, नवा घेऊ का वापरलेला? माझं मत विचाराल तर वापरलेलाच घ्या, पण स्वतः जाऊन, आतले सगळे भाग बाहेर काढून, बघून घ्या. कुरियरने तर अजिबात मागवू नका, जाड असलं तरी सिरॅमिक आहे ते, आपटलं की गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधे असलेल्या अमेरिकन सैनिकांनी तिथल्या भात शिजवायच्या झाकणवाल्या मातीच्या चुली, म्हणजे कमाडो, बघितल्या आणि घरी येताना सोबत आणल्या, पुढे 1974 मधे आमच्याच अटलांटात एड फिशर यांनी असेच ग्रिल विकणारी बिग ग्रीन एग ही कंपनी काढली. आधीचे ग्रिल साध्या भाजलेल्या मातीचे असायचे आणि उष्णतेने तडकायचे, चांगलं सिरॅमिक नंतर आलं. त्यामुळे कोणी साठ-सत्तरच्या दशकातला मातीचा कमाडो अँटिक म्हणून विकत असेल तर तो अंगणात शोभेला ठीक आहे, रोजच्या स्वयंपाकाला नको.

दुकानात पोर्टेबल लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, वजन बघा. बिग ग्रीन एगच्या मिनी मॉडेलची जाळी 10 इंचाची आणि वजन 18 किलोच्या आसपास, मिनीमॅक्सची जाळी 13 इंचाची पण वजन जवळजवळ 34 किलो, कमाडो ज्यो या दुसऱ्या कंपनीचा ज्युनियर साडेतेरा इंच आणि 31 किलोच्या जवळपास. मिनी उचलायला बरा, पण त्यात कोळसा थोडा मावतो आणि जाळी निखाऱ्यांच्या अगदी जवळ, त्यामुळे मंद आचेवर चार-पाच तास मटण ठेवायचं असेल तर त्रासच होतो. नवराबायको दोघंच असाल, भरिताची वांगी, कणसं, सुरमईच्या दोन तुकड्या एवढंच करायचं असेल तर मिनी चालेल, नाहीतर 13 इंचवाला घ्या.

आणि एक गोष्ट विकणारा कधीच सांगत नाही. सिरॅमिक उष्णता धरून ठेवतं, तेच तर त्याचं वैशिष्ट्य, हवेचं खालचं दार आणि वरचं भोक बंद केलं की हवा तुटून निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो, पण भांडं मात्र कित्येक तास गरम राहतं आणि पाणी ओतून गार करायला गेलात तर तडकतं. म्हणजे पार्कात दोन तासांची पिकनिक करून लगेच डिकीत टाकायला हा ग्रिल उपयोगाचा नाही, मुक्कामाच्या कॅम्पिंगला मात्र उत्तम. रोज नेआण करायची असेल तर सरळ दुहेरी पत्र्याचा स्टीलचा छोटा कमाडो घ्या, तो बराच हलका असतो आणि फुटायची भीती नाही.

आता वापरलेला बघायला जाल तेव्हा बूड आणि घुमट, म्हणजे वरचं झाकण, आधी तपासा. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो ना, तसंच वाजवा, खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. आत टॉर्च लावून बाहेरून अंधारात बघा. बुडाला किंवा घुमटाला आरपार तडा असेल तर कितीही स्वस्त दिला तरी सोडून द्या. आतल्या कोळशाच्या भांड्याला तडा असेल तर घाबरू नका, ते बऱ्याच वेळा तडकतं, तसंच काम देतं आणि वेगळं विकतही मिळतं, फक्त त्या पैशांची घासाघीस करा. बाहेरच्या रंगाचे टवके उडालेत, आत काजळी आहे, बुरशी आली आहे, याने काही बिघडत नाही, बुरशी एकदा चांगला तापवला की जळून जाते. झाकणाच्या कडेची हवा अडवणारी फेल्टची पट्टी बघायला एक नोट मधे धरून झाकण बंद करा, नोट अडून सुटली तर ठीक, सरकन निघाली तर पट्टी बदलावी लागेल, ती घरी बदलता येते. बिजागरी आणि पट्टे गंजलेत का तेही बघा, कारण ते तुटले की तो जड घुमट हातावर येतो. आणि वास घ्या! आधीच्या मालकाने पेटवायला लायटर फ्लुइड वापरलं असेल तर सिरॅमिकमधे तो वास मुरतो आणि जेवणाला लागतो.

किंमत ठरवताना हे धरा की सिरॅमिकची आयुष्यभराची वॉरंटी या कंपन्या फक्त पहिल्या मालकाला देतात, तुम्हाला ती मिळणार नाही, म्हणून नव्याच्या निम्म्याहून जास्त मी तरी देणार नाही. ज्यांना ती वॉरंटी हवीच आहे त्यांनी नवा घ्यावा आणि बिल जपून ठेवून रजिस्टर करावा.

अपार्टमेंटमधे राहणाऱ्यांनी मात्र पैसे द्यायच्या आधी लीज वाचावं, कारण इथे बऱ्याच ठिकाणी लाकडी बाल्कनीत किंवा इमारतीपासून 10 फुटांच्या आत कोळशाचा ग्रिल पेटवायला बंदी आहे.

आणि संपादक महोदय, तुम्हाला एक कळकळीची विनंती. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, दिसतही नाही, थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या यामुळेच. पुरवणीत तंदुरी आणि बार्बेक्यूच्या रेसिपी छापता तेव्हा घरात, गॅरेजमधे, तंबूत, गाडीत कोळसा पेटवू नका ही एक ओळ प्रत्येक वेळी ठळक अक्षरात छापा.

– एक वाचक, अटलांटा