सासवडच्या जागेचा हिशेब

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

सासवडची जागा विकल्याचं तुला आत्याकडून कळलं, याचं मला फार वाईट वाटलं. ते मीच सांगायला हवं होतं. परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, "आई, माझ्यावर आजवर किती गेले?" आणि मी कुकर लावलाय म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेला नव्हता. फोनवर बोलता आलं नाही म्हणून लिहायला बसले.

वही आहे. तू बारा वर्षांची असताना येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर जायला लागलीस, तेव्हापासूनची. तीस वर्षं बँकेत काढल्यावर खर्च लिहून ठेवल्याशिवाय मला झोप येत नाही. पहिली नोंद जुन्या सात नंबरच्या आयर्न स्टिकची आहे. या वर्षीची पानं एप्सन टूरची, अमेरिकेतल्या एलपीजीए या मोठ्या टूरच्या खालच्या पायरीची: विमानाची तिकिटं, एन्ट्री फी, भाड्याची गाडी, पेट्रोल, दोन ठिकाणी बॅग सांभाळणाऱ्या कॅडीचे पैसे. बेरीजही केलेली आहे. ती मी तुला सांगणार नाही, कारण तू ती डोक्यात घेऊन पट करायला, बॉल हळूच होलमध्ये ढकलायला, उभी राहशील. तसं उभं राहिलेलं मी तुला एकदा पाहिलंय.

या उन्हाळ्यात चार आठवडे मी तुझी ट्रॉली ओढली. मिशिगनमध्ये हॅरिसला दुसऱ्या दिवशी, सतराव्या होलवर, सहा फुटांचा पट होता. एरवी तू पटरचा एकच सराव-स्ट्रोक घेतेस आणि मारतेस. त्या दिवशी तीन घेतलेस. बॉल कडेला लागून बाहेर आला आणि कट, म्हणजे शेवटच्या दिवशी खेळायची पात्रता, एका शॉटने हुकला. गाडीत बसल्यावर तू म्हणालीस, "तो गेला असता तर पुढच्या आठवड्याचं पेट्रोल निघालं असतं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. सहा फुटांवर उभ्या असलेल्या माझ्या मुलीला होल दिसत नव्हता, पेट्रोलपंप दिसत होता. तेव्हा तर तुला सासवडचं ठाऊकही नव्हतं.

या टूरवर पैसा किती तोकडा असतो ते मला तिथे आल्यावरच कळलं. दोन लाख डॉलरची स्पर्धा असली तर विजेतीला तीस हजार मिळतात. खाली उतरत गेलं की आठवड्याचा खर्चही निघत नाही, आणि कट हुकला की शून्य. वर्षअखेरीला यादीतल्या वरच्या पंधरा जणींना एलपीजीएचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, मिळतो. पूर्वी तर दहाच जणींना मिळायचा. तू अठरा स्पर्धा खेळलीस, आठ कट पार केलेस. बाबांना हे आकडे तोंडपाठ आहेत. तिकडे तुझा टी-टाइम, खेळ सुरू करायची वेळ, दुपारी एकची असली की इथे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि तुझा अठरावा होल होईपर्यंत पहाटेचे चार. बाबा फोन उशाशी घेऊन जागे असतात. पण फोनवर एखाद्या होलला तुला किती शॉट लागले, तो नुसता पाच दिसतो. तो पाच झाडामागून कसा आला, ते मी पाहिलंय.

डिकेटरला ज्या काकूंच्या घरी आपण उतरलो होतो, त्या रोज घडीची खुर्ची घेऊन नवव्या ग्रीनजवळ बसायच्या. ओळख ना पाळख, पण तळघरातली खोली दिली, फ्रिजमध्ये तुझ्यासाठी दही आणून ठेवलं. त्या दरवर्षी अशी एखादी मुलगी घरी ठेवतात आणि भिंतीवर सगळ्यांचे फोटो आहेत. त्यातल्या किती जणी पुढे गेल्या, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. कोणाला काय आवडायचं तेवढंच सांगितलं. मला त्या बाई फार आवडल्या.

ड्रायव्हर स्टिकने मारलेला तुझा पहिला शॉट लांब जात नाही म्हणून तू खंत करतेस. मो मार्टिनही लांब मारणारी नव्हती. याच टूरवर, तेव्हा तिला फ्युचर्स टूर म्हणत, ती सहा वर्षं खेळली. मग 2014 मध्ये रॉयल बर्कडेलला शेवटच्या होलवर तिचा दुसरा शॉट झेंड्याच्या काठीला लागला, तिने ईगल केला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा दोन शॉट कमी घेतले, आणि एका शॉटने महिलांची ब्रिटिश ओपन जिंकली. तुझंही तसंच होईल असं मी म्हणत नाही. बहुतेकींचं होत नाही, आणि त्याही तितक्याच मेहनती असतात. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली तेव्हा तिची आई कॅडी होती. शेवटच्या दिवशी आपण तिघं पहाटेपासून टीव्हीसमोर होतो, आठवतं? तेव्हा मी अदितीकडे कमी आणि तिच्या आईकडे जास्त बघत होते. या उन्हाळ्यात ट्रॉली ओढताना ती सकाळ मला रोज आठवायची.

आता जागेचं. ती 1998 मध्ये घेतली तेव्हा तिथे घर बांधायची हौस माझी होती, बाबांची नाही. पुढे मला तिथे राहावंसं वाटेनासं झालं. इथल्या शेजारणी, भाजीवाला, पायाखालचा रस्ता हे सगळं सोडून कुठे जायचं? विकायचा विषय मीच काढला. सही करताना बाबांचा हात थांबला, हे खरं आहे, तुझ्यापासून लपवत नाही. मग त्यांनी मला विचारलं, "नक्की ना?" मी हो म्हटलं. त्या रात्री आम्ही दोघं नीट झोपलो.

क्यू-स्कूल, म्हणजे एलपीजीएची पात्रता स्पर्धा, पुन्हा खेळायची की नाही, ते तू ठरव. थांबायचं असेल तर गोल्फ नकोसं झालंय म्हणून थांब, सासवडसाठी थांबू नकोस. खेळायचं असेल तरी सासवड फेडायला खेळू नकोस. माझ्या वहीत तुझ्या नावापुढे येणे बाकी असा रकानाच नाही.

मनगट अजून दुखतं का? फोनवर विषय टाळलास. फिजिओकडे जा आणि तो काय म्हणतो ते मला कळव, बाबांना मी सांगेन. डिकेटरच्या काकूंना गोडा मसाला आणि तिळाची चटणी पाठवली आहे. मसाला कशात घालायचा ते तू फोन करून त्यांना सांग, चिठ्ठीत मला नीट लिहिता आलं नाही.

तुझी,
आई